जूनमध्ये आईबाबांना घेऊन शारजा-दुबई : नागपूरकरांनो, झेपेल का?

त्रिमूर्तीनगरची_लेक | ४ मे, रात्री १०:१२

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. धाकटा भाऊ चार वर्षांपासून शारजाला आहे. लग्न झालं, घर मांडलं, पण आईबाबांनी त्याचं घर अजून पाहिलेलं नाही. दरवेळी काहीतरी आडवं येतं. यंदा नवऱ्याला ९ ते १७ जून सुट्टी मिळतेय, मुलाची शाळा आपल्याकडच्या रिवाजाने जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे हेच आठ दिवस सगळ्यांना जमणारे आहेत. बाबा ६९ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. आईचे गुडघे दुखतात. मुलगा नऊ वर्षांचा.

बाबा म्हणतात, "२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ होतं, त्या दिवशी मी स्कूटरवर बर्डीला जाऊन आलो. तिथलं ४१ मला काय करणार?" भाऊ मात्र फोनवर सारखा म्हणतो, ताई, इथली गरमी वेगळी आहे. वेगळी म्हणजे काय, ते त्याला सांगता येत नाही.

व्हिडिओ पाहून मी यादी केलीय : बुर्ज खलिफा, गोल्ड सूक (सोनेबाजार) आणि खाडीतली नाव, अबुधाबीचं मंदिर आणि मोठी मशीद एकाच दिवशी, डेझर्ट सफारी, मिरॅकल गार्डन, ग्लोबल व्हिलेज, एक पूर्ण दिवस समुद्रावर. सांगा, यातलं काय ठेवू आणि काय काढू? की जाऊच नये?

वऱ्हाडी_गडी | ४ मे, रात्री १०:४०

काई होत नाही जी. बिनधास्त जा. आपल्याले उन्हाची आदत हाय. काकाजी बराबर म्हणून राहिले.

संत्राबर्डी | ४ मे, रात्री १०:५५

+१. डोक्याला दुपट्टा बांधा, खिशात कांदा ठेवा, चला!

खाडीकाठचा_नागपूरकर | ४ मे, रात्री ११:३८

लेकताई, मी मूळचा महालातला. बारा वर्षं शारजाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पहिला उन्हाळा आठवतो. विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. पुसला, पुन्हा धरली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मला वाटलं, शेजारी एखाद्या हॉटेलच्या भटारखान्याचा पंखा असेल. दहा पावलं पुढे गेलो, वीस गेलो, हवा तीच. नागपुरात दुपार कितीही तापली तरी रात्री गच्चीवर पाणी मारलं की बारानंतर झोप लागते. इथे रात्रीची सुटकाच नाही. मध्यरात्रीही ३२-३३ अंश असतं, आणि अंगावर ओलं धोतर गुंडाळल्यासारखं वाटतं.

आणखी एक, जे व्हिडिओत दिसत नाही. पाण्याच्या टाक्या गच्चीवर असतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. इथली माणसं उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात. गीझर घरात, एसीच्या गारव्यात असतो, म्हणून त्यात साठलेलं पाणी त्यातल्या त्यात गार असतं. अंघोळीला नळ उलटा सोडायचा, गरमचा सोडला की गार येतं. तुमच्या मुलाला फार मजा वाटेल, पण काकांना आधी सांगून ठेवा. पहिल्या दिवशी मी पाठ भाजून घेतली होती.

आता यादी. ग्लोबल व्हिलेज आणि मिरॅकल गार्डन उन्हाळ्यात बंद असतात, ती दोन्ही खोडा. मंदिर आणि मशीद एका दिवशी होतात, पण निघायचं दुपारी तीननंतर. समुद्रावर "पूर्ण दिवस" हे शब्दच काढून टाका. ऑगस्टमध्ये तर या समुद्राचं पाणीही ३३-३४ अंशांवर जातं, पोहून गार वाटत नाही. जूनमध्ये थोडं बरं असतं. दुबईत जुमेराह आणि उम्म सुकीमच्या काही किनाऱ्यांवर २०२३ पासून रात्री पोहायची सोय आहे, दिवे आणि जीवरक्षक असतात. रात्री नऊनंतर तिथे जा.

निवृत्त_विज्ञानशिक्षक | ५ मे, सकाळी ६:२०

भावाला जे सांगता येत नाही, ते सांगायचा प्रयत्न करतो. पस्तीस वर्षं हेच शिकवलं आहे.

माठ आठवा. आपल्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी दाताला लागेल इतकं गार होतं. तोच माठ मुंबईच्या नातेवाइकाकडे ठेवा, पाणी कोमटाच्या जरा अलीकडे राहतं. माठ तोच, पाणी तेच, फरक हवेचा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर ते उडणार कुठे?

आपलं शरीर हा एक माठच आहे.

कूलरचंही तेच. मे महिन्यात वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा स्वर्ग वाटते. मृग लागून पाऊस पडला की तोच कूलर जुलैत लावून पाहा, गादी ओलसर, अंग चिकट, शेवटी आपणच बंद करतो. लेकताईंच्या बाबांना सांगा, शारजा म्हणजे जुलैतला कूलर, आणि त्यात बाहेर ४० अंश.

थोडा हिशेब. थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं कापड गुंडाळून त्यावर वारा सोडला की जो आकडा येतो, त्याच्या खाली घामाने अंग गार होऊ शकत नाही. नागपुरात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा साधारण २४ येतो. किनाऱ्यावर ३६ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर ३० येतो. म्हणजे कोरड्या थर्मामीटरवर नऊ अंशांनी "थंड" असलेली जागा शरीराला सहा अंशांनी जड जाते. त्वचेचं तापमान ३५ च्या आसपास असतं, त्यामुळे ३० नंतर हातात फारसं काही उरत नाही. याच आखाताच्या काठी, सौदीतल्या धहरानला, ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, ३५ अंशांवर गेल्याची नोंद आहे.

तेव्हा ४७.९ सोसणाऱ्या माणसाचा अनुभव खरा आहे, पण तो कोरड्या उन्हाचा आहे. तो इथे उपयोगी पडत नाही. उलट, "मला सवय आहे" या भरवशावर माणूस सावलीत जायला उशीर करतो.

संत्राबर्डी | ५ मे, सकाळी ७:०५

सर, जुलैतला कूलर! एका शब्दात समजलं. माझा कांदा मी परत घेते.

वऱ्हाडी_गडी | ५ मे, सकाळी ९:१५

सर, तुमच्या शब्दाले मान हाय. पण मी काई हवेत नाही बोललो. मी तीन साल अल ऐनले साइटवर होतो. ४८ पाह्यलं, ४९ पाह्यलं. तिथं घाम येते अन् वाळते, आपल्या चंद्रपूरवानी. मले कधी चक्कर नाही आली. दुपारी साडेबारा ते तीन काम बंद राह्यते, १५ जून ते १५ सप्टेंबर, सरकारचा कायदाच हाय. त्या टायमात कंपनी लिंबूपाणी द्यायची.

निवृत्त_विज्ञानशिक्षक | ५ मे, सकाळी ९:५०

वऱ्हाडी भाऊ, तुमचंही अगदी बरोबर आहे आणि त्यातच खरी गोष्ट दडली आहे. अल ऐन समुद्रापासून लांब, आत आहे. तिथली हवा कोरडी, आपल्या ओळखीची. समुद्रकाठी मात्र समुद्र उथळ आणि तापलेला, त्याची वाफ उठते आणि संध्याकाळी समुद्रावरून येणारा वारा तीच वाफ गावात आणतो. म्हणून लोक ज्या वेळी "आता ऊन उतरलं" म्हणून किनाऱ्यावर फिरायला निघतात, तेव्हाच दमटपणा चढत असतो. नागपूरकराला आतलं वाळवंट एक वेळ मानवेल, चौपाटी नाही.

आणि कायद्याने धडधाकट माणसाचं दुपारचं काम थांबवलं आहे, ते काही उगाच नाही.

वऱ्हाडी_गडी | ५ मे, सकाळी १०:०२

हे पटलं. शारजाले माझा चुलतभाऊ होता, तो म्हणे तुम्ही सुखी हा तिथं. मले वाटे मस्करी करून राहिला.

खाडीकाठचा_नागपूरकर | ५ मे, दुपारी १:३०

त्यातल्या त्यात जून बरा, हे माझ्याकडूनही. जून-जुलैत वायव्येकडून शमाल वारा वाहतो. तो धूळ आणतो पण हवा थोडी कोरडी ठेवतो. खरा चिकचिकाट ऑगस्ट-सप्टेंबरचा. धुळीच्या दिवशी मात्र दम्याच्या माणसाने घरातच बसावं.

सक्करदऱ्याची_सून | ५ मे, दुपारी ३:४५

मला हा धागा वाचताना राहवलं नाही.

२०१९ च्या जुलैत आम्ही सासऱ्यांना घेऊन दुबईला गेलो होतो. ते तेव्हा ७१. शेतात उभं आयुष्य गेलेलं, काटक माणूस. एका टूर कंपनीने दुपारी साडेतीनला खाडीकाठच्या जुन्या वस्तीत "पायी फेरफटका" ठेवला होता. दादा पुढे पुढे चालत होते. सदरा पाठीला पूर्ण चिकटला होता, कोपरावरून घाम ठिबकत होता. मी विचारलं तर म्हणाले, "घाम येतोय म्हणजे अंग बरोबर काम करतंय, पोरी." आपल्याकडे असंच मानतात ना. मलाही खरं वाटलं.

चाळीस मिनिटांनी ते एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. दोनदा. मी नाव सांगितलं तरी तेच. मग उठता येईना. त्या दुकानदाराने, केरळचा होता, एका क्षणात ओळखलं. आत घेतलं, बूट काढले, मानेला आणि काखेत बर्फाच्या पाण्याची फडकी लावली आणि ९९८ ला फोन केला. रुग्णवाहिका आली, दोन सलाइन लागल्या, रात्री दहाला सोडलं. वेळेत झालं म्हणून दादा आज आहेत. माझं पोट अजून कालवतं.

घाम "येणं" आणि घाम "वाळणं" यातला फरक मला त्या दिवशी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. म्हणून लिहिलं. म्हातारं माणूस नाव चुकायला लागलं, चिडचिड करायला लागलं, पायात गोळे यायला लागले की तिथल्या तिथे फिरणं थांबवा, "अजून एकच ठिकाण" म्हणू नका.

त्रिमूर्तीनगरची_लेक | ५ मे, दुपारी ४:१०

ताई, वाचून हात थंड पडले. हे मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

दवाखान्यातून | ५ मे, रात्री ९:२०

मी धंतोलीत प्रॅक्टिस करते. सक्करदऱ्याच्या ताईंनी सांगितलेली लक्षणं बरोबर आहेत. त्यात बेशुद्धी किंवा असंबद्ध बोलणं आलं की तो उष्माघात समजून आधी अंग गार करायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. शुद्धीत नसलेल्याला पाणी पाजू नका.

बाबांची बीपीची गोळी कोणती आहे ते पाहा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अशा गोळीवर घाम खूप गेला तर बीपी खाली येऊन चक्कर येते. गोळी स्वतःहून बंद करू नका. जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, "आठ दिवस दमट उन्हात आहोत, मात्रा बदलायची का?" वयस्कांना तहान उशिरा लागते, त्यामुळे "तहान लागली का?" असं विचारू नका, दर तासाला ग्लास हातात द्या. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. एक पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं, ग्लासात अर्धं पाकीट टाकायचं नाही. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाणही डॉक्टरांनाच विचारा.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं. आईंच्या गुडघ्यांसाठी ट्रॅमाडॉल असलेली गोळी चालू असेल, किंवा घरात कोडीनचं खोकल्याचं औषध असेल, तर ते बॅगेत टाकू नका. तिथे ती नियंत्रित औषधं आहेत, त्यांच्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. बाकीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून घ्या.

चिखलदरा_प्रेमी | ५ मे, रात्री ९:५८

एवढा व्याप कशाला? चिखलदऱ्याला या. संध्याकाळी बरंच गार असतं.

सक्करदऱ्याची_सून | ५ मे, रात्री १०:०६

भाऊ, चिखलदऱ्याला त्यांचा मुलगा नाही राहत ना!

मस्कतहून_मावशी | ६ मे, सकाळी ८:३०

थोडं विषयांतर, पण ज्यांना तारखा बदलता येतात त्यांच्यासाठी. वाळवंटी किनारा आणि उन्हाळा म्हटलं की सगळे दुबईच धरतात. ओमानच्या दक्षिणेला सलाला आहे. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा त्या किनाऱ्याला घासून जातो, समुद्राच्या तळचं गार पाणी वर येतं, डोंगरांवर धुकं अडकतं. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तिथे भुरभुर पाऊस, २५ अंशांच्या आसपास हवा, हिरवे डोंगर आणि त्यावर चरणारे उंट. रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळी. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोकणच वाटलं. तिकडचे लोक या मोसमाला खरीफ म्हणतात. आपल्या खरिपाच्या हंगामाशी शब्द जुळतो, हे ऐकून माझ्या यवतमाळच्या भावाला कोण आनंद झाला होता!

मस्कतहून हजारेक किलोमीटर आहे, मधे ओसाड वाळवंट. वयस्कांनी विमानानेच जावं. आणि मस्कतजवळच्या जबल अखदर डोंगरावरचं पठार दोन हजार मीटरच्या घरात आहे, तिथे जूनमध्येही खालच्यापेक्षा पुष्कळ गार असतं. रास अल जिंझच्या किनाऱ्यावर रात्री मोठी कासवं अंडी घालायला येतात, तीही उन्हाळ्यातच जास्त दिसतात. लेकताईंच्या कामाचं नाही, पण धागा पुढे कुणीतरी वाचेल.

संत्राबर्डी | ६ मे, सकाळी ८:४५

मावशी, मी वाचलं. लिहून ठेवलं.

शेगावची_सुगरण | ६ मे, सकाळी ११:१२

भावासाठी खाऊ नेणार असाल तर एक ऐका. युएईत, म्हणजे दुबई-शारजाच्या देशात, खसखशीवर बंदी आहे. आपल्याला ती साधी वाटते, तिथे ती अफूची बी. आता आठवा, खसखस कशाकशात असते : सावजी मसाल्यात, अनारशांवर, काही घरांत लाडवात. विड्याची पानंही नेऊ नका.

त्रिमूर्तीनगरची_लेक | ६ मे, सकाळी ११:२०

अगंबाई! आईने कालच दोन किलो सावजी मसाला कुटून आणलाय, खास त्याच्यासाठी. त्यात पावशेर खसखस आहे.

खाडीकाठचा_नागपूरकर | ६ मे, दुपारी १२:०५

तो मसाला तुम्ही नागपुरात खा. सुगरणताई बरोबर सांगतायत.

आता तुमचा दिवस कसा असावा ते सांगतो. वेळ उलटी करा. सकाळी साडेपाच ते साडेसात खालच्या बागेत चालणं, तेव्हाही दमट असतं पण ऊन नसतं. मग घर. दुपारी झोप. चारनंतर छताखालच्या जागा. शारजाचं इस्लामी संस्कृतीचं संग्रहालय काकांना आवडेल, घुमटाच्या आतल्या बाजूला राशीचक्र आहे. दुबईला कामाच्या दिवशी संध्याकाळी गाडीने जाऊ नका, शारजा-दुबई रस्ता तुंबतो. खाडीतली नाव रात्री आठनंतर, एक दिरहम, पाचेक मिनिटं, वारा असेल तर बरं वाटतं. मॉलमध्ये शिरताना आईंच्या खांद्यावर शाल हवीच. बाहेर ४० आणि आत २१, गुडघे आखडतात. आणि गाडीत औषधं, विशेषतः इन्सुलिन, कधीही सोडू नका.

जूनच्या मध्यापासून ताजा खजूर बाजारात येऊ लागतो, अर्धा पिकलेला, अर्धा कडक. हिवाळ्यात येणाऱ्यांना तो मिळत नाही. काकांना तो जरूर खाऊ घाला.

चिखलदरा_प्रेमी | ६ मे, दुपारी १:४०

मी अजूनही म्हणतो, दिवाळीत जा. नोव्हेंबरमध्ये तिथली हवा सुरेख असते, सगळ्या बागा उघड्या असतात, दिवाळीही मुलाच्या घरी होईल.

दवाखान्यातून | ६ मे, दुपारी २:१५

तारीख खरोखर मोकळी असेल तर माझंही मत नोव्हेंबर. पण आईवडिलांचं जाणं चार वर्षं लांबलं आहे, हेही मी मोजते.

त्रिमूर्तीनगरची_लेक | ८ मे, रात्री ९:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री जेवणानंतर मी धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. माठापाशी बाबा गप्प झाले. मग स्वतःच म्हणाले, "१९८८ च्या ऑक्टोबरात दादरला गेलो होतो. ३४ अंशच होतं, पण मला लग्नाच्या हॉलमधून उठून जावं लागलं होतं. तेव्हा वाटलं जेवण बाधलं." सक्करदऱ्याच्या ताईंचं वाचताना आईने पदर डोळ्याला लावला.

नोव्हेंबरचा विचार केला. नवऱ्याची तेव्हा वर्षाअखेरीची कामं, आणि वहिनीची तारीख डिसेंबरची आहे. (हो, ही बातमीही कालच कळली!) तेव्हा तिला दगदग नको, आणि तेव्हा आई तशीही बाळंतपणाला जाणार. म्हणून जूनच. पण बाबांनी यादी हातात घेतली आणि पेनाने काट मारत गेले. सफारी गेली, समुद्र गेला, अबुधाबी एकच संध्याकाळ राहिली. म्हणाले, "मी त्याचं घर पाहायला चाललो. दुबई त्याच्या खिडकीतून दिसेल तेवढी पुरे." बुर्ज खलिफा मात्र नातवाच्या हट्टामुळे राहिला, रात्रीचा.

बाबांच्या गोळीचं विचारलं, डॉक्टरांनी बुधवारी बोलावलंय. आईच्या गोळीच्या पाकिटावर ट्रॅमाडॉल नाही, दोनदा पाहिलं.

वऱ्हाडी_गडी | ८ मे, रात्री ९:४२

काकाजी जबरदस्त माणूस हाय. अन् अभिनंदन जी! माह्या चुलतभावाचा नंबर तुमाले मेसेजमध्ये धाडतो. अजून तिथंच हाय, गाडी लागली तर सांगा, रात्रीबेरात्री येईन म्हणते.

त्रिमूर्तीनगरची_लेक | ८ मे, रात्री ९:५५

भाऊ, किती आधार वाटला.

एकच शेवटचा प्रश्न, सुगरणताईंना. आई उद्या मसाला नव्याने कुटायला देतेय, खसखस वगळून. पण रश्श्याला दाटपणा येणार कसा, यावर घरात वाद चालू आहे. काय घालावं?

शेगावची_सुगरण | ८ मे, रात्री १०:२०

सुकं खोबरं दीडपट करा आणि जवस भाजून घाला, थोडीच. मसाला कोरडा राहू द्या, तेलात परतून नेऊ नका, या उन्हात खवट होईल. कांद्याचं वाटण वहिनीला तिथे ताजं करू द्या. आणि कैरी शिजवून, गर गुळात आटवून एक बरणी भरा, सामानाच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. तिथे नुसतं पाण्यात कालवलं की पन्हं. तिला या दिवसांत आंबट हवंसं वाटत असेल.